एका सुताचा प्रश्न

मा. संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सरच्या किरणोपचारांवरचा लेख वाचला. त्यात एक वाक्य चौकटीत, ठळक टायपात छापलं होतं : नवं मशीन आधी फोटो काढतं आणि मगच शेक देतं, त्यामुळे आता एका मिलिमीटरचीही चूक होत नाही. लेख चांगला आहे, घाबरलेल्या माणसाला धीर देणारा आहे. भांडण आहे ते फक्त त्या चौकटीशी.

मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीत ३६ वर्षं टूलरूममध्ये काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. काम जिग आणि फिक्स्चरचं. म्हणजे जॉब, ज्यावर काम करायचं तो तुकडा, मशीनवर कुठे टेकवायचा, कुठे अडवायचा, किती आवळायचा, हे ठरवायचं आणि त्यासाठीची चौकट बनवायची. गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, कॅन्सरसाठी वीस दिवस मीच जॉब होऊन मशीनवर पडलो. त्यामुळे या विषयात टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलतो आहे असं समजा. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

आमच्या शॉपमध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा मालकांनी अख्ख्या कंपनीला पेढे वाटले होते. मशीन मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलणारं. पहिल्याच लॉटमधले निम्मे जॉब इन्स्पेक्शनने परत पाठवले. मशीनवाल्यांना फोन, इंजिनिअर आला, दोन दिवस तपासणी, मशीनमध्ये काही दोष नाही. शेवटी आमच्या एका हेल्परने फिक्स्चर पुसता पुसता दाखवलं, लोकेटरखाली, म्हणजे जॉब जिथे टेकतो त्या टेकूखाली, नखाएवढी चीप, लोखंडाचा कीस, अडकली होती. मशीन बिनचूक चाललं होतं, फक्त चुकीच्या जागी बसलेल्या जॉबवर. किरणोपचाराच्या मशीनबद्दल मला नेमकं हेच म्हणायचं आहे. मशीनची अचूकता ही मशीनची असते. माणूस त्याखाली कसा झोपला आणि त्याच्या पोटात त्या दिवशी काय चाललं आहे, हा हिशेब वेगळा.

जुन्या काळी हे कसं चालायचं ते मी आत्याच्या निमित्ताने पाहिलं आहे. १९८४ साली तिला मुंबईला कोबाल्टचे शेक दिले. अंगावर जांभळ्या शाईच्या रेघा मारायचे, त्या पुसू नयेत म्हणून अंघोळ बंद. रोज त्या रेघांवर दिवा पाडायचा आणि शेक द्यायचा. आत गाठ कुठे आहे हे रोजच्या रोज कोण बघणार? रेघ जागेवर म्हणजे गाठ जागेवर, हा विश्वास. आमच्या भाषेत सांगायचं तर रफ कास्टिंगच्या, खडबडीत ओतीव तुकड्याच्या, कच्च्या अंगावरून डेटम, म्हणजे मापाची सुरुवात, घ्यायचा प्रकार. कातडी हाडाला चिकटलेली नसते. माणूस वाळला, फुगला, कमरेवर थोडा वळून झोपला की कातडी सरकते आणि तिच्यावरची रेघ तिच्यासोबत जाते.

माझ्याही अंगावर खुणा केल्या, पण सुईने टोचून. तिळाएवढे तीन ठिपके, एक ओटीपोटावर, दोन कमरेच्या दोन बाजूंना. खोलीत भिंतींवरून आणि छतावरून लेझरच्या रेघा येतात, त्या या ठिपक्यांवर जुळवायच्या. गुडघ्यांखाली ठरलेल्या आकाराची उशी, पावलं अडकवायला खाचांची चौकट. टेबलाच्या कडेला आकडे घातलेल्या खाचा असतात, चौकट रोज त्याच खाचेत बसवायची. ते इंडेक्सिंग पाहून मला भरून आलं हो. म्हटलं, हे तर आपलंच काम. फिक्स्चरवाल्यांचा एक नियम आहे, तीन-दोन-एक. कुठलीही वस्तू सहा तऱ्हांनी हलू शकते, तीन सरळ दिशांना आणि तीन अंगांनी फिरून. खाली तीन टेकू, एका बाजूला दोन, उरलेल्या बाजूला एक, की सहाही हालचाली बंद. माझ्या मशीनचं टेबल पुढे-मागे, वर-खाली, डावं-उजवं सरकायचंच, शिवाय दोन-तीन अंशांपर्यंत कलायचंही. सहाच्या सहा आल्या. पहिल्या दिवशी पडल्या पडल्या हे मोजून झालं तेव्हा मनातली निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी दुसऱ्या आठवड्यात परत आली. तो प्रसंग सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

पोलादी जॉब बाहेरून धरला की आतूनही धरला जातो. माणसाचं तसं नाही. माणूस म्हणजे गोटा झालेला नारळ. करवंटी कितीही घट्ट धरा, आतला गोटा खडखडतोच. प्रोस्टेटची गाठ मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे, दोघांच्या मध्ये अडकलेली असते. मूत्राशय भरलं-रिकामं झालं, गुदाशयात मळ किंवा गॅस आला-गेला, की ती हलते. कमरेचं हाड मात्र तिथेच असतं. म्हणून केवळ हाडं जुळवून भागत नाही. माझ्या गाठीत त्यासाठी आधीच सोन्याचे तीन दाणे टोचून ठेवले होते, तांदळापेक्षाही बारीक. फोटोत ते लख्ख दिसतात आणि गाठीबरोबर हलतात. (आमच्या सौ. म्हणाल्या, लग्नाला ४१ वर्षं झाली, घरात सोनं आलं ते असं.)

रोज टेबलावर झोपवलं की लेझर जुळवायचे, तंत्रज्ञ मुली बाहेर जायच्या, जाड दरवाजा सरकायचा. मग मशीनच्या बाजूला असलेल्या दोन बाहूंपैकी एकातून साधा एक्स-रे निघतो, समोरच्या बाहूवर पाटी असते, आणि सगळं धूड एका मिनिटात माझ्याभोवती फिरून येतं. त्यातून पोटाचा सीटी स्कॅनसारखा फोटो तयार होतो. त्याला कोनबीम म्हणतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या रॉयल ओक इथे डेव्हिड जॅफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र शेक देणाऱ्या मशीनवरच बसवून दाखवलं, त्यांचा निबंध २००२ चा आहे. तोवर तपासणीचा फोटो बहुतेक शेकाच्याच जोरदार किरणांनी काढत. त्यात हाडंही फिकट दिसायची, मऊ मांसाचं तर विचारूच नका. आता बाहेर स्क्रीनवर नियोजनाचा स्कॅन, म्हणजे शेक सुरू व्हायच्या आधी किरणं कुठे द्यायची हे ठरवायला काढलेला, आणि आजचा फोटो एकावर एक ठेवतात, दाणे जुळवतात, जो फरक येईल तेवढं टेबल आपोआप सरकतं. त्याला त्या लोकांत शिफ्ट म्हणतात.

मी रोज माझी शिफ्ट विचारून डायरीत लिहायचो. सुरुवातीला तिथल्या मुलीला नवल वाटलं, मग मी उठायच्या आतच ती सांगू लागली. "काका, आज वर दोन, डोक्याकडे चार, डावीकडे एक." ठिपके तर रोज लेझरवर तंतोतंत असायचे. तरी आत चार मिलिमीटरचा फरक. आमच्या सुतारी-फिटरी मापात एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. रोज कातडी आणि गाठ यांच्यात एका सुताचा, कधी त्याहून जास्त फरक. फोटो नसता तर तो कोणाला कळला असता?

सातव्या दिवशी फोटो झाला आणि शेक सुरूच होईना. दरवाजा सरकला, ती आत आली.
"काका, उतरा खाली. आज असं नाही जमायचं."
"का? हललो नाही मी."
"तुम्ही नाही हललात. पोटात गॅस आहे. दाणे सात मिलिमीटर पुढे आलेत."
मला राग आला. मूत्राशय रोज सारखंच भरलेलं लागतं म्हणून पाऊण तास पाणी धरून बसलेला माणूस मी. म्हटलं, "मग टेबल सरकवा की सात मिलिमीटर! ते कशाला दिलंय?"
ती शांतपणे म्हणाली, "टेबल सरकवलं तर गाठ जागेवर येईल काका. पण तिच्यामागचं फुगलेलं आतडंही तिच्याबरोबर किरणांत येईल. जागा सुधारता येते, आकार नाही सुधारता येत."

३६ वर्षांत हे वाक्य मी कितीदा नव्या पोरांना सांगितलं असेल. जॉब तिरका बसला तर शिम, पातळ पत्र्याची पट्टी, घाला, जॉबच वाकडा असेल तर शिम काय करणार? लोकेटरखालची चीप काढावीच लागते. मी उतरलो, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, संडासला जाऊन आलो, परत पाणी, परत पाऊण तास. दुसऱ्या फोटोत फरक दोन मिलिमीटर. शेक दिला. घरी जायला संध्याकाळ झाली, एसटी चुकली, पण तो दिवस वाया गेला नाही.

हे सगळं त्या मुलीने केलं. मशीनने फक्त दाखवलं. फोटो बघून "जाऊ दे, सरकवून देऊ" म्हणणं तिला सोपं होतं. बाहेर अकरा जण खोळंबले होते. त्यांतले चार जण माझ्यासारखेच पाणी पिऊन बसलेले. तिने वेळापत्रक मोडलं आणि शिव्या खाल्ल्या, माझ्यासकट. आपल्या लेखात मशीनची किंमत आहे, उद्घाटनाला कोण आलं ते आहे, टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या या मुलामुलींचा उल्लेखसुद्धा नाही.

मध्ये एक दिवस मशीन बंद होतं. त्या दिवशी तिथल्या तरुण फिजिसिस्टला मी गाठलं. फिजिसिस्ट म्हणजे किरणांचं मोजमाप आणि मशीनची तपासणी सांभाळणारा माणूस. त्याने सांगितलं, रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी एका ठोकळ्यावर लेझर, फोटो आणि किरणांचा मध्यबिंदू एकमेकांशी जुळतात का ते पाहतात. अमेरिकन फिजिसिस्टांच्या संघटनेने २००९ मध्ये काढलेल्या नियमावलीत नेहमीच्या उपचारांसाठी फोटोचा आणि किरणांचा मध्य यांत २ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, मेंदूतल्या अगदी बारीक कामासाठी १. म्हणजे पाहा, मशीनच्या स्वतःच्या तपासणीतसुद्धा टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढ्या फरकाची मुभा, आहे. टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग मी आयुष्यात पाहिलं नाही. "एका मिलिमीटरचीही चूक नाही" हे वाक्य कुठल्याही इन्स्पेक्टरने सही करून दिलं नसतं.

मग त्याने लिफाफ्याच्या मागे मला एक सूत्र लिहून दाखवलं. तो लिफाफा मी जपून ठेवला आहे. गाठीभोवती सगळीकडून थोडी जास्तीची जागा धरतात, कारण थोडंफार हलणारच हे गृहीत असतं. किती जागा धरायची? ॲमस्टरडॅमच्या मार्सेल व्हॅन हर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली याचा हिशेब मांडला. चुका दोन जातींच्या. एक, दर दिवशी वेगवेगळी होणारी, कधी डावीकडे कधी उजवीकडे. दुसरी, सुरुवातीलाच बसलेली आणि मग रोज त्याच बाजूला राहणारी. पहिलीला आम्ही प्ले म्हणतो, दुसरीला झिरो चुकणं. सूत्र असं की झिरोच्या चुकीला अडीचने गुणायचं, प्लेच्या चुकीला ०.७ ने, आणि बेरीज करायची. एवढी जागा धरली की दहांपैकी नऊ रुग्णांत गाठीला ठरलेल्या मात्रेच्या किमान ९५ टक्के पोचते.

घरी येऊन मी आकडे घातले. दोन्ही चुका दोन-दोन मिलिमीटर धरल्या तर ५ अधिक १.४, म्हणजे ६.४ मिलिमीटर, दोन सूत. प्ले निम्म्यावर आणला तर ५.७. झिरोची चूक निम्म्यावर आणली तर एकदम ३.९. प्ले एका बाजूला खातो तसा दुसऱ्या बाजूला परतही करतो, झिरो चुकला तर शंभरच्या शंभर जॉब त्याच बाजूला बाद. हे कुठल्याही टर्नरला पटेल. आणि या दोन-तीन मिलिमीटरला एवढं महत्त्व का, तर गाठ ४ सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरा. घनफळ साडेतेहतीस घनसेंटिमीटर. सगळीकडून ५ मिलिमीटर वाढवा, ६५ होतं. १० वाढवा, ११३. कातडं जाड केल्यावर फळ केवढं वाढतं ते बघा. आणि ती वाढ म्हणजे निरोगी मांस, माझं मूत्राशय आणि गुदाशय.

झिरो चुकतो कुठे? बहुधा नियोजनाच्या पहिल्या स्कॅनलाच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातला २००५ चा एक अभ्यास फिजिसिस्टने मला दाखवला. १२७ रुग्ण. ज्यांचं गुदाशय नियोजनाच्या स्कॅनच्या दिवशी फुगलेलं होतं, त्यांच्यात आजार परत उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा रोज फोटो काढून गाठ शोधत नसत. कारण उघड आहे. स्कॅनच्या दिवशी गाठ पुढे ढकललेली, मग रोज आतडं रिकामं असताना ती मागे, आणि किरणं पहिल्या दिवशीच्या जागेवर. एका दिवसाचा गॅस, महिनाभराची चूक.

माझी तक्रार इथे आहे, आणि रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं दुखणं नाही असं रांगेतल्या इतरांकडून ऐकलं. नियोजनाच्या स्कॅनआधी मला जो कागद दिला तो इंग्रजीत होता, झेरॉक्सची झेरॉक्स, बारीक अक्षर. मला वाचता आला. माझ्या शेजारी शिरोळकडचे एक ऊसवाले पाहुणे होते, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. त्यांना तोंडी सांगितलं होतं, "पाणी पिऊन या." ते घरून निघताना दोन तांबे पिऊन आले आणि वाटेत स्टँडवर जाऊन मोकळेही झाले! आधी लघवी करून यायची, मग मोजून अर्धा लिटर, मग पाऊण तास थांबायचं, आणि हे रोज तेवढंच, हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं, तेही माझ्याकडून. का करायचं हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. माणसाला कारण सांगितलं की तो बरोबर करतो. नुसता हुकूम दिला तर जमेल तसं करतो. शॉपमध्ये काय, दवाखान्यात काय.

आदल्या रात्री हरभऱ्याची उसळ, सकाळी पावटे, ही आपली खाणी. त्या कागदात लिहिलं होतं ते ब्रोकोली टाळा म्हणून! कोल्हापूर जिल्ह्यात ब्रोकोली खाऊन शेकाला येणारा माणूस मला दाखवा.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्यात एक हातकणंगल्याचा चहावाला होता, तोंडाच्या कॅन्सरचा. त्याच्यासाठी जाळीचा मुखवटा बनवला होता. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, ती थंड झाली की तोच साचा, तो टेबलाला खिट्ट्यांनी अडकवायचा. अप्रतिम फिक्स्चर. पण तोंड आलं, गिळवेना, चौथ्या आठवड्यापर्यंत त्याचं वजन इतकं उतरलं की मुखवट्यात गाल हलू लागले. जॉबच झिजला. तंत्रज्ञ पोराने फोटोत हनुवटी कललेली पाहिली आणि डॉक्टरांना बोलावलं. नवा मुखवटा, नवा स्कॅन, नवं नियोजन, दोन दिवस. तो चहावाला चिडला होता, "परत पहिल्यापासून?" मी त्याला सातव्या दिवसाची गोष्ट सांगितली. असं थांबवायला वेळ लागतो आणि थांबवणाऱ्याच्या पाठीशी वरचा माणूस उभा लागतो. एका पेशंटला दहा मिनिटं धरून दिवसाचं वेळापत्रक आखलं, त्यात झोपवणं, फोटो, जुळवणी, शेक, उतरवणं, तर सातव्या दिवशी मला खाली उतरवायचं कोणाच्या जिवावर?

घाई वाईट, तशी रेंगाळही वाईट, हेही सांगून टाकतो. फोटो काढल्यावर शेक सुरू व्हायला जितका उशीर तितकं मूत्राशय भरत जातं आणि गाठ सरकते. फोटो हा त्या क्षणाचा असतो. शिवाय प्रत्येक फोटो म्हणजे थोडा का होईना एक्स-रेच. म्हणून तपासणी चांगली म्हणून दहा फोटो काढा, असं माझं म्हणणं नाही.

आता शेकही कमी झाले आहेत. ब्रिटनमध्ये ३,२१६ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पूर्वीच्या ३७ ऐवजी २० दिवसांत, रोजची मात्रा वाढवून, तितकाच गुण येतो असं त्यातून दिसलं. म्हणून माझे वीस. गावाकडून येणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे, सतरा दिवसांचं भाडं आणि मजुरी वाचली. पण टूलरूमचा माणूस लगेच भागाकार करतो. ३७ मधला एक दिवस चुकला तर पावणेतीन टक्के, २० मधला एक चुकला तर पाच. दिवस कमी होतात तसं एकेक दिवस नीट झोपवणं महाग होत जातं.

आणि नीट झोपवण्याचं फळ मिळतं का? मिळतं. आपल्याच मुंबईत, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ३०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर निम्म्यांना जुन्या पद्धतीचे शेक, निम्म्यांना फोटो काढून, किरणांना आकार देऊन दिलेले नव्या पद्धतीचे. तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के जणींना, नव्यात २१.१ टक्के. सगळं श्रेय एकट्या फोटोला नाही, किरणांना आकार देण्याचाही त्यात वाटा आहे. पण आकार जितका नेमका, तितकं जागेवर बसवणं नेमकं लागतं. सैल कपड्याला माप चुकलं तर चालतं, अंगाबरोबरच्या ब्लाऊजला नाही. माझ्या रांगेत गडहिंग्लजकडच्या एक आजी होत्या, याच आजाराच्या. त्या म्हणायच्या, "शेक घेऊन जेवाय येतंय बघा, माझ्या जावंला न्हवतं येत." जाऊबाई पंधरा वर्षांपूर्वीच्या. आजींना आकडेवारीची गरज नव्हती.

तर संपादक महाशय, पुढच्या वेळी एखाद्या मशीनचं उद्घाटन छापाल, ते जरूर छापा, आमच्या भागाला ती मशीनं हवीच आहेत. पण आपल्या बातमीदाराला सांगा, फीत कापून झाल्यावर आत जाऊन विचार, एका पेशंटला किती मिनिटं धरलीत? रोजचा फोटो कोण बघतं, आणि बघणाऱ्याला "आज थांबा" म्हणायची मुभा आहे का? पेशंटच्या हातात पडणारा कागद कुठल्या भाषेत आहे? उत्तरं छापा. चौकटीत छापलीत तर फारच उत्तम.

शेवटच्या दिवशी मी त्या मुलीला माझ्या हस्ताक्षरात एक कागद दिला. पाण्याचं माप, वेळ, आदल्या रात्री काय खाऊ नये (उसळ, पावटे, कोबी, सोड्याची भजी), संडास झाली नसेल तर झोपायच्या आधी सांगा, टेबलावर अंग आखडलं असेल तर सांगा, लाजू नका, आणि प्रत्येकापुढे एका ओळीत का. तिने डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली : ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी पाणी डॉक्टरांना विचारून, आणि स्त्रियांसाठी पाण्याचा हिशेब वेगळा असू शकतो. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा तो टाईप करून पाण्याच्या पिंपाशेजारी लावलेला दिसला. शिरोळचे पाहुणे असते तर त्यांनी उभ्या उभ्या वाचला असता.

त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, तो कागद पूर्ण छापा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन,
कोल्हापूर

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. मला काही वाटत नाही, पण आमच्या गल्लीत प्रोस्टेट म्हणजे काय हे सांगत बसण्याचं काम सौ.वर पडेल, आणि सोन्याच्या दाण्यांचा विषय तिने अजून सोडलेला नाही.